हांडशूसहाइम: १९०३ साली शहरात गेलेलं पण अजून न मावळलेलं गाव

नेकरकाठ

हायडेलबर्गला आलेला पाहुणा किल्ला बघतो, जुन्या पुलावर फोटो काढतो, हाउप्टस्ट्रासंवर कॉफी पितो आणि संध्याकाळच्या गाडीने फ्रँकफर्टला परत जातो. आम्ही राहतो तो भाग नेकर नदीच्या पलीकडे, उत्तरेला. नाव हांडशूसहाइम. नकाशात बघाल तर हायडेलबर्गच, पत्ता हायडेलबर्गचाच, कचऱ्याची गाडीसुद्धा हायडेलबर्गच्या पालिकेचीच, पण आमच्या घरमालकीण बाई बाजाराची पिशवी घेऊन ट्राममध्ये बसताना म्हणतात, जरा शहरात जाऊन येते. शहर म्हणजे ट्रामने जेमतेम पंधरा मिनिटांवरचं बिस्मार्कप्लाट्झ. आणि गाव शहरात सामील झालंय १ जानेवारी १९०३ ला! बाईंच्या आईचासुद्धा तेव्हा जन्म झाला नसेल.

या गावाबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून धागा काढतोय. इथे जर्मनीत राहणारे बरेच आहेत, भर घाला.

आधी वयाचा हिशोब. हांडशूसहाइमचं नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते इ.स. ७६५ मध्ये, लोर्शच्या मठाच्या दानपत्रांत. कोणीतरी पुण्य मिळावं म्हणून मठाला जमीन, द्राक्षमळा वगैरे दिला आणि कारकुनी करणाऱ्या साधूने गावाचं नाव लिहून ठेवलं, एवढ्यावर गावाचा जन्मदाखला. आणि हायडेलबर्गचं नाव पहिल्यांदा कधी येतं? ११९६. म्हणजे गाव शहरापेक्षा ४३१ वर्षांनी मोठं. थोरल्याला धाकट्याने दत्तक घेतलं असा सगळा प्रकार आहे, आणि इथले जुने लोक हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात, कितीही विषय बदला.

गावाच्या मध्यभागी टीफबुर्ग नावाची गढी आहे. टेकडीवर नाही, सपाटीवर, भोवती खंदक. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने हा सगळा मुलूख जाळला त्यात तीही गेली, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डागडुजी झाली. तिथल्या सरदार घराण्याचा शेवटचा वारस हान्स, वर्ष १६०० संपता संपता हिर्शहॉर्नच्या सरदाराशी झालेल्या द्वंद्वात जखमी होऊन मेला आणि वंश बुडाला. त्याच्या आईने मारणाऱ्याला शाप दिला अशी गोष्ट सांगतात, आणि पुढे हिर्शहॉर्नचंही घराणं बुडालं त्यामुळे गोष्टीला आपोआप वजन आलं. भिंतीत चिणलेला चिलखतधारी सांगाडा सापडल्याचीही एक गोष्ट आहे, ती लहान मुलांना झोपताना सांगू नये.

मग सेंट व्हिटसचं चर्च, आजच्या हायडेलबर्गमधलं सगळ्यात जुनं. एकाच इमारतीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही कित्येक पिढ्या राहिले, जागा वाटून घेऊन. प्रोटेस्टंटांनी स्वतःचं वेगळं मोठं चर्च बांधलं ते १९१० मध्ये, म्हणजे गाव शहरात गेल्यावरच.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते गावाचं शेत. पश्चिमेला, नेकरच्या बाजूला, मोठा सपाट पट्टा. सॅलडचे वाफे, मुळा, स्ट्रॉबेरी, फुलं, काचघरं. डोंगरामुळे पूर्वेचा गार वारा अडतो, हवा जर्मनीच्या मानाने फारच मऊ, फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम फुलतात, अंजीरसुद्धा पिकतं. सायकलवरून ऑफिसला जाताना ट्रॅक्टर आडवा येतो आणि दहा मिनिटांनी मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये असतो. दीड-पावणेदोन लाख वस्तीच्या शहराच्या पोटात हे असं अजून आहे.

तर माझा प्रश्न असा की गाव शहरात गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? पालिका गेली, सरपंच गेला, बरं. बाकीचं?

---

प्रश्नांकित

मस्त धागा. दोन शंका. एक, हे जबरदस्तीने झालं की गावाने होऊन मान्य केलं? दोन, गावाला मिळालं काय?

---

सुमेधा_एम

वाचतेय. थोरल्याला धाकट्याने दत्तक घेतलं हे भारी.

---

नेकरकाठ

@प्रश्नांकित, जबरदस्ती असं नाही म्हणता येणार, पण अगदी राजीखुशी असंही नाही, मधलंच काहीतरी. त्या काळात गाव आणि शहर यांच्यात रीतसर करार व्हायचा.

शहराची अडचण समजून घ्यायची तर नकाशा बघा. जुनं हायडेलबर्ग डोंगर आणि नदी यांच्या चिमटीत. एका बाजूला क्योनिगश्टूल, दुसऱ्या बाजूला नेकर, वाढायला जागाच नाही. १८७७ मध्ये नदीवर दुसरा पूल झाला (आजचा थेओडोर-हॉइस पूल, जुना १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला) आणि पलीकडच्या काठावरचं नॉयनहाइम गाव एकदम चालत जाण्याच्या अंतरावर आलं. प्रोफेसर, व्यापारी, निवृत्त अधिकारी यांनी तिकडे बंगले बांधायला सुरुवात केली. नळाचं पाणी, गॅस, गटारं, पक्के रस्ते हे सगळं छोट्या गावाने कुठून करायचं? म्हणून नॉयनहाइम पहिलं गेलं, १८९१ ला. त्याच्या आदल्याच वर्षी वाइनहाइमहून हायडेलबर्गला येणारी छोटी रेल्वे हांडशूसहाइममधून धावायला लागली होती, तीच आजची ५ नंबरची ट्राम. नॉयनहाइम गेल्यावर हांडशूसहाइम शहराच्या थेट सीमेवर आलं, रेल्वे होती, कामाला शहरात जाणारी माणसं होती, मग बारा वर्षांत तेही गेलं. पुढे १९२० ला कीर्शहाइम आणि वीबलिंगेन, १९२७ ला रोरबाख, आणि अगदी शेवटी १९७५ ला त्सीगेलहाउझेन.

हे फक्त इथलंच नाही. शेजारच्या मानहाइमने केफरटाल १८९७ ला, नेकराउ १८९९ ला, फॉइडनहाइम १९१० ला घेतलं. श्टुटगार्टने कानश्टाट १९०५ ला. तो सगळा काळच तसा, कारखाने वाढले, माणसं वाढली, शहरांना जमीन हवी होती आणि गावांना नळ.

---

जुनीपाटी

काका तुम्ही एक गाव विसरलात, आणि तेच सगळ्यात जबरदस्त आहे. बेर्गहाइम.

हे पण आठव्या शतकातलं गाव, नदीच्या दक्षिण काठावर, हायडेलबर्गच्या पश्चिमेला. १३९२ मध्ये राजे रुप्रेश्ट दुसरे यांनी ठरवलं की शहर वाढवायचं. सहा वर्षांपूर्वी, १३८६ ला, त्यांच्या काकांनी विद्यापीठ काढलेलं, शहर अजून टीचभर, तटाच्या आत माणसं कमी. मग काय केलं, तर अख्खं बेर्गहाइम गाव उठवलं आणि लोकांना नव्या तटाच्या आत आणून वसवलं. करारबिरार, मतदान वगैरे काही नाही, राजाचा हुकूम. जुन्या गावठाणावर शेती राहिली आणि पुढची साडेचारशे-पाचशे वर्षं तिथे कोणी राहत नव्हतं म्हटलं तरी चालेल. मग १८४० ला रेल्वे आली, स्टेशन तिकडे झालं, नंतर दवाखाने आले आणि पुन्हा वस्ती झाली. आज जो बेर्गहाइम म्हणून भाग आहे त्याचा त्या गावाशी संबंध फक्त नाव आणि जमिनीखालचे पाये एवढाच.

तर @प्रश्नांकित, १३९२ ला जबरदस्तीने आणि १९०३ ला सही करून. प्रगती आहे :)

---

पाटील_वाघोलीकर

आमच्याकडची गावं महापालिकेत आली त्याची कहाणी सांगू का इथे?

---

सुमेधा_एम

नको हो पाटीलसाहेब, त्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही संपादकांना कुलूप लावावे लागलेत. हायडेलबर्गवर राहू द्या.

---

मिरचीचा_ठेचा

धागा छान पण थोडं पाणी ओततो, राग मानू नका. हे गाव गाव म्हणून गळा काढणं मला नेहमी संशयास्पद वाटतं. मी हायडेलबर्गला पोस्टडॉक करत होतो, नॉयनहाइमर फेल्डमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ते विद्यापीठाचं नदीपलीकडचं अवाढव्य कॅम्पस. रस्त्यांना नावं नाहीत, सगळ्या इमारतींचा पत्ता एकच, इम नॉयनहाइमर फेल्ड आणि पुढे नंबर, नवा माणूस नंबर शोधत अर्धा तास फिरतो. आता हे फेल्ड म्हणजे नॉयनहाइम गावाचं शेतच ना? तिथे आज काय आहे ते बघा. १९१५ पासून वनस्पती उद्यान, १९३० पासून आत्ताच्या माक्स प्लांक मेडिकल संस्थेची इमारत, १९३४ पासून प्राणीसंग्रहालय, १९६४ ला सुरू झालेलं जर्मन कॅन्सर संशोधन केंद्र, आणि विद्यापीठाचे बहुतेक सगळे मोठे दवाखाने. जगभरातून लोक उपचाराला येतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीवर तिथेच उपचार झाले.

तिथे मुळा आणि कोबी राहिला असता तर बरं झालं असतं का? नॉयनहाइमने शेत दिलं म्हणून हे झालं. हांडशूसहाइमचे लोक आपलं शेत धरून बसलेत, आणि घरांची भाडी बघा तिकडची. गाव टिकलं म्हणजे कोणासाठी टिकलं? ज्यांच्या आज्याची जमीन होती त्यांच्यासाठी. आम्हाला तर एका खोलीसाठी महिनोन्महिने फिरावं लागलं.

---

कोबीवाली

ठेचा, कॅन्सर सेंटर विरुद्ध कोबी असा सामना लावला की कोबी हरणारच, त्यात काय मोठं. प्रश्न पुढच्या इमारतीचा आहे, पुढच्या पार्किंगचा आहे.

---

नेकरकाठ

@मिरचीचा_ठेचा, राग कसला, उलट बरोबर जागी बोट ठेवलंत. नॉयनहाइम आणि हांडशूसहाइम ही दोन गावं एकमेकांना लागून, दोन्ही ७६५ सालीच कागदावर आलेली, दोन्ही बारा वर्षांच्या अंतराने शहरात गेलेली, आणि आज दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे तो त्या शेतामुळेच. नॉयनहाइमचा जुना चौक आहे, आठवड्याचा बाजार भरतो, छान आहे सगळं, पण तो बंगल्यांचा आणि विद्यार्थ्यांचा भाग झाला. शेतकरी उरला नाही, मग शेतकऱ्याचं गावपणही गेलं. इकडे क्लाउझेनफाड नावाचा रस्ता आहे, कधी सायकलने जा, एका बाजूला कॅम्पस संपतं आणि दुसऱ्या बाजूला सॅलडचे वाफे चालू होतात. शहर तिथे येऊन थांबलंय.

थांबलंय म्हणजे थांबवलंय. कॅम्पसला जायला रस्ते कमी, सकाळी गाड्यांची रांग लागते हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून नेकरवर पाचवा पूल बांधायचा, वीबलिंगेनकडून सरळ कॅम्पसला जोडायचा, ही योजना कित्येक दशकं कागदावर येते आणि जाते. उत्तरेकडून शेतातूनच एक जोडरस्ता काढायची कल्पनाही तशीच. प्रत्येक वेळी हांडशूसहाइमचे भाजीवाले, बागवाले, पर्यावरणवाले सगळे एक होतात. कुंपणांवर फलक लागतात, सभा होतात. आणि गंमत बघा, कॅम्पसच्या मधून ट्राम न्यायची ठरलं तर तिथे विद्यापीठाने स्वतःच कोर्टात धाव घेतली, ट्रामच्या हादऱ्यांनी संवेदनशील यंत्रं बिघडतील वगैरे मुद्दे होते, आणि २०१६ ला उच्च प्रशासकीय न्यायालयाने ती योजना अडवली. म्हणजे गाववालेच तेवढे आडमुठे असं नाहीये हो.

भाड्याचं मात्र शंभर टक्के मान्य. आमचंही भाडं ऐकून गावाकडचे लोक गप्प होतात.

आणि अजून एक. शेतकरी कुटुंबं कमी होत चाललीत हे खरंय. मुलं दुसरीकडे नोकरीला जातात, काचघर तापवायला खर्च येतो, सुपरमार्केटमध्ये स्पेनचा टोमॅटो स्वस्त. त्यामुळे शेत वाचवलं तरी शेतकरी कुठून आणणार हा प्रश्न आहेच, त्याचं उत्तर फलक लावणाऱ्यांकडे आहे असं मला वाटत नाही.

---

डोसेनहाइमकर

आता माझी बाजू ऐका. मी डोसेनहाइमला राहतो. हांडशूसहाइमच्या उत्तर टोकापासून शेतातून चालत निघालात की थोड्याच वेळात आमचं गाव. तीच ट्राम, तोच डोंगर, गाडीची नंबरप्लेटसुद्धा तीच, एचडी, कारण शहर आणि आजूबाजूचा जिल्हा दोघांना एकच अक्षरं आहेत. पण आम्ही हायडेलबर्गमध्ये गेलो नाही. आमचा महापौर वेगळा, आमची ग्रामसभा वेगळी, आमचं बजेट वेगळं. डोंगरात दगडाच्या खाणी होत्या, आता बंद आहेत, पण कड्याला पडलेला तो तांबडा-तपकिरी खड्डा लांबून दिसतो, तीच आमची ओळख.

१९७०च्या दशकात बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मोठी पुनर्रचना झाली, ३,३७९ नगरपालिका-ग्रामपंचायती होत्या त्या १,१११ वर आल्या. त्या लाटेत त्सीगेलहाउझेन हायडेलबर्गमध्ये गेलं, पण डोसेनहाइम आणि एपेलहाइम वाचले. एपेलहाइमला तर १९९८ ला शहराचा दर्जा मिळाला.

फरक काय पडतो? सांगतो. आमच्याकडे बालवाडी कुठे बांधायची, कोणती जमीन बांधकामाला खुली करायची, हे आम्ही निवडून दिलेले लोक ठरवतात. हांडशूसहाइमला काय आहे, तर बेझिर्क्सबाइराट. म्हणजे विभागाची सल्लागार समिती. त्यातली माणसं थेट निवडूनही येत नाहीत, शहराच्या परिषदेच्या निवडणुकीत त्या भागात कोणत्या पक्षाला किती मतं पडली त्यावरून परिषद त्यांना नेमते. समिती चर्चा करते, शिफारस करते. ठरवते ४८ जणांची शहराची परिषद, जिथे हांडशूसहाइम म्हणजे पंधरा विभागांतला एक. तुम्ही केर्वे (गावजत्रा) साजरी करा, आम्ही अंदाजपत्रक करतो ;)

---

नेकरकाठ

@डोसेनहाइमकर, हे बरोबर आहे आणि बोचतंय पण. पण राव, तुमच्याकडे दवाखाना लागला, थिएटर लागलं, मुलांचं जिम्नॅशियम (म्हणजे इथली माध्यमिक शाळा) लागलं की येता कुठे? हायडेलबर्गलाच ना. आणि त्याचा खर्च आमच्या पालिकेच्या खिशातून.

---

डोसेनहाइमकर

येतो की. ट्रामचं तिकीट काढून येतो. :D

---

खंडोबाचा_भंडारा

वर नॉयनहाइमर फेल्डचा विषय निघालाय तर आपल्या लोकांना एक सांगायलाच हवं. हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ ला स्थापन झाली आणि अनेक वर्षं तिचा पत्ता होता इम नॉयनहाइमर फेल्ड ३३०. म्हणजे नॉयनहाइमच्या शेतात. तिथेच गुंथर सोन्थायमर होते.

तरुण मंडळींना हे नाव माहीत नसेल. मूळ अभ्यास हिंदू कायद्याचा, एकत्र कुटुंबाचा, पण महाराष्ट्रात आले आणि धनगरांमागे लागले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा, ही आपल्याकडच्या शहरी विद्वानांनी तेव्हा फारशी मनावर न घेतलेली दैवतं, त्यांच्यावर या माणसाने आयुष्य घातलं. मराठी अस्खलित, धनगरांबरोबर वाड्यावर मुक्काम, ओव्या टेपवर रेकॉर्ड केलेल्या, जेजुरीवर फिल्म केलेली. १९९२ ला गेले.

मला यातली गंमत अशी वाटते की सोन्थायमर लिहीत होते तेच मुळी शेती करणारं गाव आणि त्याच्या बाहेरचं रान, मेंढपाळ आणि स्थिर वस्ती, यांच्यातल्या नात्याबद्दल. आणि हे सगळं लिहिलं गेलं शेत जाऊन कॅम्पस झालेल्या जागेवर बसून. त्यांनी स्वतः हे कुठे म्हटलंय असं नाही, माझ्याच डोक्यातलं आहे.

संस्था आता तिथे नाही. २०१९ मध्ये ती फोसस्ट्रासंला हलली, जुन्या दवाखान्यांच्या इमारतींत. आणि फोसस्ट्रासं कुठे आहे? @जुनीपाटी यांच्या बेर्गहाइममध्ये. १३९२ ला उठवलेल्या गावावर.

---

जुनीपाटी

आईशप्पथ. हे मी कधी जोडलंच नव्हतं.

---

सुमेधा_एम

खंडोबाचा_भंडारा, वाखुसा (वाचनखूण साठवली). सोन्थायमरांवर वेगळा धागा काढा ना प्लीज.

---

प्रश्नांकित

+१. आणि महंमद इक्बाल पण नॉयनहाइमलाच राहिले होते ना?

---

खंडोबाचा_भंडारा

हो, १९०७ ला. नेकरकाठच्या नॉयनहाइमर लांडस्ट्रासंवर त्यांच्या नावाची पाटी आहे. तेव्हा नॉयनहाइम शहरात येऊन सोळा वर्षं झाली होती.

---

स्क्रमहाफ

कोणी रग्बीबद्दल कसं बोललं नाही? जर्मनीत रग्बी म्हणजे हायडेलबर्ग, आणि हायडेलबर्गची रग्बी म्हणजे या गावांची भांडणं. एकोणिसाव्या शतकात नॉयनहाइममध्ये इंग्रज पोरांसाठी एक बोर्डिंग शाळा होती, तिथून खेळ इकडे आला. मग टीएसव्ही हांडशूसहाइम, क्लब १८८६ चा, आणि एससी नॉयनहाइम, १९०२ चा. नीट बघा, नॉयनहाइमचा क्लब निघाला तेव्हा गाव शहरात जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी नाव शहराचं नाही घेतलं, गावाचंच घेतलं. दोन्ही टीम राष्ट्रीय लीगमध्ये खेळलेल्या. एकाच शहराचे दोन विभाग आणि मॅचला वातावरण असं की दोन देश खेळतायत. मी कामाच्या ठिकाणी एका जर्मन सहकाऱ्याला चुकून नॉयनहाइमचा म्हटलं, तो हांडशूसहाइमचा निघाला, आठवडाभर बोलला नाही. थोडी अतिशयोक्ती आहे पण थोडीच.

---

नेकरकाठ

@स्क्रमहाफ, हे भारी. माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. पालिका गेली पण फेराइन राहिले. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ, जर्मन माणूस तीन जण जमले की काढतो ते. खेळाचं, गाण्याचं, बागवाल्यांचं, आगीच्या बंबाच्या स्वयंसेवकांचं. आणि सगळ्यांच्या वर श्टाडटटाइलफेराइन, म्हणजे विभागाचं मंडळ. तेच गावाचं वार्षिक काढतं, त्यात जुन्या गिरण्यांपासून कोणाच्या आज्याने कोणती वाइन केली इथपर्यंत सगळं छापून येतं. जूनमध्ये केर्वे असते, म्हणजे गावजत्रा, टीफबुर्गच्या आसपास, गल्ल्यांत आणि अंगणांत बाकडी टाकून. हायडेलबर्गचा महापौर येतो, भाषण करतो, लोक टाळ्या वाजवतात, पण यजमान कोण आणि पाहुणा कोण हे सगळ्यांना कळत असतं.

---

सुमेधा_एम

मुलांसाठी काय असतं तिकडे? माझी बहीण येतेय मार्चमध्ये, दोन पोरं आहेत.

---

कोबीवाली

मार्चमध्ये येत असतील तर झोमरटाग्सत्सुग चुकवू नका. ईस्टरच्या तीन आठवडे आधीचा रविवार धरून असतो, या पूर्ण मुलखातली प्रथा, आणि हांडशूसहाइमची मिरवणूक वेगळी निघते, शहराची वेगळी. पोरांच्या हातात रंगीत कागद गुंडाळलेल्या काठ्या, त्यावर ब्रेझेल (पीळ घातलेला पाव) अडकवलेलं, हिवाळ्याला हाकलून उन्हाळा आणायचा, शेवटी हिवाळ्याचा पुतळा जाळतात. आपल्या होळीच्या आसपासच येतं. माझी मुलगी पहिल्या वर्षी ब्रेझेल मिरवणूक सुरू व्हायच्या आधीच खाऊन मोकळी झाली.

तारीख मात्र दरवर्षी आधी बघून घ्या, मिरवणूक वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या दिवशी असते.

---

मिरचीचा_ठेचा

कोबीवालीताई, तुम्ही नाव घेऊन आलात ते शेतामुळेच का?

---

कोबीवाली

नाही हो, मी तिथल्या एका बागेतून दर शनिवारी भाजी आणते म्हणून नवऱ्याने ठेवलेलं नाव. मालक सत्तरीचे आहेत. मी एकदा विचारलं की पूल झाला तर तुमची जमीन जाईल ना, तर म्हणाले, पैसे चांगले मिळतील. मग थोड्या वेळाने म्हणाले, पण सही नाही करणार. मी विचारलं का, तर मला फेल्डझालाट (सॅलडची एक पालेभाजी) तोलून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

---

मिरचीचा_ठेचा

असे चार सत्तरीचे मालक म्हणजे धोरण नव्हे, पण ठीक आहे. फेल्डझालाट चांगला असतो तिकडचा, ते मान्य.

---

आजोबा_ठाणे

आमचा मुलगा जूनमध्ये बोलावतोय, वाल्डॉर्फला असतो. ही गावजत्रा आणि गढी बघायची असेल तर कुठे उतरायचं? आम्ही दोघं, हिचे गुडघे दुखतात, चढ नको.

---

नेकरकाठ

आजोबा, नक्की या. हायडेलबर्गच्या मुख्य स्टेशनवरून ५ नंबरची ट्राम घ्या, वाइनहाइमच्या दिशेची, ती बिस्मार्कप्लाट्झवरून नदी ओलांडून येते. हान्स-थोमा-प्लाट्झला उतरा, गढी जवळच आहे आणि सगळं सपाट. वर हायलिगेनबेर्गच्या डोंगरावर जुन्या मठाचे अवशेष आणि नाझी काळातलं उघडं नाट्यगृह आहे, ते मुलाला एकट्याला बघू द्या, तो चढ तुमच्यासाठी नाही. जत्रेत गर्दी संध्याकाळी होते, दुपारी आलात तर काकूंना बसायला बाकडं मिळेल. केर्वेची तारीख मे महिन्यात इथे टाकतो. आणि शनिवारी सकाळी येणार असाल तर कोबीवालीताईंना विचारा, भाजीवाल्याचा पत्ता त्यांनी मलासुद्धा अजून दिलेला नाही.

---

कोबीवाली

आजोबांना देईन. तुम्हाला नाही, तुम्ही धागा काढाल.